प्रत्यारोपणानंतर बुरशीच्या संसर्गापासून रुग्णाला कसे जपावे

मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड यांसारखी औषधे देऊन त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. म्हणूनच हवेत सदैव तरंगणारे ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू, जे निरोगी माणसाला बाधत नाहीत, या रुग्णाच्या फुप्फुसात रुजतात आणि रक्तावाटे मेंदूपर्यंतही पोहोचू शकतात. पहिले 6 महिने विशेष जोखमीचे असतात. कबुतरांच्या विष्ठेतून पसरणारा क्रिप्टोकॉकस हा दुसरा बुरशीप्रकार मात्र वर्ष उलटल्यावरही गाठतो.

गोव्यात जूनपासून भिंती ओल धरतात आणि नेमकी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर घरोघरी झाडलोट व रंगकाम निघते. बुरशी खरवडताना बीजाणू हवेत उधळतात, म्हणून त्या दिवसांत रुग्णाला दुसऱ्या नातेवाइकांकडे ठेवावे आणि एरवीही झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) कुजका पाचोळा व शेणखत रुग्णाने हाताळू नये, माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांचे, सामान रानातून इतरांनी आणावे. धुळीत जाणे टळतच नसेल तर एन-95 मुखपट्टी लावावी. कापडी मुखपट्टी येथे पुरत नाही.

सर्वांत जास्त सावधगिरी औषधांच्या बाबतीत हवी, आणि तिकडेच दुर्लक्ष होते. पावसाळ्यात नायटा झाला की औषधाच्या दुकानातून इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या आणल्या जातात. टॅक्रोलिमसचा निचरा करणारे यकृतातील विकर (एन्झाइम) या गोळ्या रोखतात; त्यामुळे टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढत जाऊन हात थरथरतात आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचते. ॲस्परजिलससाठी याच गटातले व्होरिकोनॅझोल सुरू करताना डॉक्टर टॅक्रोलिमसचा डोस साधारणपणे एक तृतीयांशावर आणतात, आणि व्होरिकोनॅझोल थांबवल्यावर तो पुन्हा वाढवतात. हे वाढवणे राहून गेले तर अवयव नाकारला जाण्याची भीती असते, म्हणून औषध सुरू होताना आणि बंद होताना, दोन्ही वेळा, रक्ततपासणी कधी करायची हे विचारून लिहून ठेवावे. माटोळीला बांधलेले पपनसदेखील टॅक्रोलिमसचे प्रमाण असेच वाढवू शकते, म्हणून ते रुग्णाने खाऊ नये.

ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला तर तो पावसाळी ताप समजून थांबू नये. स्टेरॉइडमुळे ताप दबूनही राहतो. त्यामुळे न हटणारा कोरडा खोकला, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, सतत डोकेदुखी किंवा त्वचेवर नव्या गाठी, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवावे. मधुमेही रुग्णाच्या चेहऱ्याची एक बाजू सुजणे किंवा नाकात, टाळूवर काळा डाग येणे हे म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीच्या संसर्गाचे) लक्षण असू शकते, आणि तिथे काही तासांचा उशीरही महाग पडतो. सुरुवातीला एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. तेव्हा छातीचा सीटी स्कॅन करावा का, हे नि:संकोच विचारावे.

शस्त्रक्रिया गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात झालेली असो की राज्याबाहेर, इस्पितळात जाताना सर्व औषधांची यादी आणि टॅक्रोलिमसचा शेवटचा अहवाल जवळ ठेवावा. टॅक्रोलिमसची पातळी सकाळच्या डोसाआधी मोजतात, त्यामुळे तपासणीच्या दिवशी तो डोस रक्त दिल्यानंतरच घ्यावा.