डेटाबेसचा रोजचा बॅकअप क्रॉनवर कसा लावायचा (लिनक्स, मायएसक्यूएल)

फोंड्याकडच्या देवस्थानांत आता अभिषेकाचं बुकिंग, पावत्या, महाजनांची यादी असलं बरंच काही कॉम्प्युटरवर आलंय, आणि सगळं एकाच मशीनवर असलं तर पावसात वीज कडाडायला लागली की जीव टांगणीला लागतो. म्हणून बॅकअप कुणाच्या आठवणीवर ठेवू नका, क्रॉनवर (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी लिनक्समधली सोय) सोपवा.

आधी पासवर्डचं बघा. तो स्क्रिप्टमध्ये (बॅकअपच्या कमांड लिहिलेल्या फाइलीत) लिहायचा नाही, होम फोल्डरमध्ये डॉट माय डॉट सीएनएफ फाइल करून क्लायंट सेक्शनखाली युजर-पासवर्ड टाकायचा आणि फाइलची परमिशन ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) करायची.

मग एक छोटी बॅश स्क्रिप्ट. मायएसक्यूएलडंपला (डेटाबेसची कॉपी, म्हणजे डंप, काढणारी कमांड) सिंगल-ट्रान्झॅक्शन हा ऑप्शन द्याच, म्हणजे इनोडीबीची (मायएसक्यूएलचा नेहमीचा स्टोरेज प्रकार) टेबलं लॉक होत नाहीत आणि काउंटरवर पावत्या फाडणं चालू असलं तरी डंपमध्ये एकाच क्षणाचा डेटा येतो. आउटपुट पाइपने जीझिपला (फाइल दाबून लहान करणारी कमांड) द्या, फाइलच्या नावात तारीख घाला. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला "सेट -ई -ओ पाइपफेल" ही ओळ हवीच हवी, कारण ती नसेल तर डंप फेल झाला तरी जीझिप आपलं काम बिनबोभाट करतं, स्क्रिप्टला वाटतं सगळं ओके, आणि फोल्डरमध्ये रोज नवीन तारखेची २० बाइटची रिकामी फाइल पडत राहते, बघणाऱ्याला वाटतं वा, बॅकअप चालू आहे!

आता "क्रॉनटॅब -ई" देऊन क्रॉनच्या वेळापत्रकाची फाइल उघडा. वेळेचे पाच खाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. "३० १३ * * *" म्हणजे रोज दुपारी दीड (टाइप करताना आकडे इंग्रजीच). सगळे रात्री दोन लावायला सांगतात, पण ऑफिस बंद करताना मशीनही बंद होत असेल तर त्याचा काही उपयोग नाही, हुकलेली वेळ क्रॉन नंतर भरून काढत नाही. दुपारी दर्शन आटोपलेलं असतं, मशीन चालू असतं, तीच वेळ बरी. क्लाउडवरचा सर्व्हर असेल तर घड्याळ बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं, तिथे आपला दीड म्हणजे सकाळचे ८. या पाच खान्यांपुढे स्क्रिप्टचा पाथ पूर्ण द्या.

डंप नीट झाल्यावरच १४ दिवसांपेक्षा जुन्या फाइली उडवा, फाइंड कमांडला "-एमटाइम +१४" देऊन. आणि एक कॉपी आरक्लोनने (क्लाउडवर फाइली पाठवणारा प्रोग्राम) बाहेर पाठवा, वीज पडली तर मशीन आणि त्याला लावलेली डिस्क दोन्ही एकदमच जातात.

सगळ्यात महत्त्वाचं, रिस्टोअर करून बघा. वेगळा टेस्ट डेटाबेस बनवा, झेडकॅटने फाइल उघडून त्यात ओता, आणि शेवटच्या पावतीचा नंबर पावतीबुकाशी ताडून बघा. महिन्यातून एकदा तरी, आणि जत्रेच्या आधी तर नक्कीच.