वयस्क सशाच्या सोबतीला लहान ससा आणण्यापूर्वीची तयारी

विदर्भात हे काम दिवाळीनंतरच हाती घ्यावे. तापमान 30 अंशांच्या वर गेले की सशाला उष्णता बाधू लागते, आणि अनोळखी जोडीदाराचा ताण त्यात मिसळला तर धडधाकट ससाही दगावू शकतो. पारा 45 कडे सरकतो त्या एप्रिल-मे महिन्यांत तर नवा पाहुणा घरी आणूच नये. नवा ससा पाळीव जातीचाच असावा. सोंगणीच्या वेळी शेतात सापडणारे रानसशाचे पिल्लू निराळ्या प्रजातीचे असून 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी पाळता येत नाही, म्हणून ते जागीच राहू द्यावे.

सर्वांत आधी दोघांचे लिंग पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे, कारण बाजारात ‘दोन्ही माद्या’ म्हणून दिलेल्या जोडीत नर निघणे मुळीच दुर्मीळ नाही. पिल्लू साधारण चार महिन्यांचे होताच वयात येऊ लागते, मादी सुमारे 31 दिवसांत विते आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय दोन महिन्यांच्या पिल्लाला मोठ्याने सहज स्वीकारले तरी पिल्लू वयात येताच तीच मैत्री रक्तबंबाळ भांडणात बदलते; म्हणून दोघांचे निर्बीजीकरण होईपर्यंत त्यांना कायमचे एकत्र ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहत असल्याने त्याला चार ते सहा आठवडे मादीपासून दूर ठेवावे. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशी आणि शेळ्याच येतात, तेव्हा सशाला भूल देण्याचा अनुभव आहे का, हे विचारून घ्यावे. नसल्यास नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्थेत चौकशी करावी. कुत्र्याप्रमाणे सशाला शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवत नाहीत.

नवा ससा किमान 14 दिवस वेगळ्या खोलीत ठेवून त्याचे कान, नाक आणि लेंड्या रोज पाहाव्यात. गोचिडांसाठी कुत्र्यावर फवारतात ते फिप्रोनिलचे औषध सशाला विषारी असते, ते त्याच्या जवळही नेऊ नये.

त्यानंतर दोन पिंजरे शेजारी, पण जाळीतून चावा बसणार नाही इतक्या अंतरावर ठेवावेत आणि खालचे तणस अधूनमधून अदलाबदल करावे, म्हणजे वास ओळखीचा होतो. चारा मात्र वेगळा द्यावा: लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो, पण त्यातील जास्तीच्या कॅल्शियममुळे मोठ्याला मूत्राशयाचा त्रास होऊ शकतो, म्हणून त्याला वाळलेले साधे गवतच बरे. फवारणी झालेल्या कपाशीच्या धुऱ्यावरचे गवत दोघांनाही देऊ नये.

पहिली भेट मोठा ससा कधी वावरला नाही अशा जागी, उदाहरणार्थ शेजाऱ्याच्या रिकाम्या छपरीत, कुत्री-मांजरे बाहेर ठेवून घडवावी. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या सशाचे मागचे पाय घसरतात, म्हणून खाली गोणपाट अंथरावे. लपण्यासाठी ठेवलेल्या खोक्यांना दोन दारे हवीत, नाहीतर पिल्लू आत कोंडले जाते. भेट 10-15 मिनिटांची पुरे. थोडा पाठलाग किंवा अंगावर चढणे चालू द्यावे. कान मागे टाकून, शेपूट उचलून ते एकमेकांवर झेपावले तर मध्ये केरसुणी घालावी, उघडा हात घालू नये. रात्रभर एकत्र ठेवण्याची घाई नको; ते शेजारी बसून खाऊ लागले, एकमेकांना चाटू लागले आणि सलग काही दिवस भांडण झाले नाही, तरच ती मुभा द्यावी. पुढे एकाला दवाखान्यात न्यावे लागले तर दुसऱ्यालाही त्याच टोपलीतून न्यावे, कारण दवाखान्याचा वास घेऊन परतलेल्या सोबत्यावर घरी राहिलेला ससा परका समजून धावून जाऊ शकतो.