‘नैसर्गिकच आहे ना?’ म्हणताना होणाऱ्या या चुका टाळा

पुण्यात तळजाईच्या टेकडीवरून किंवा सारसबागेतून सकाळी फिरून बाहेर पडलं की रसवाला उभाच असतो. दुधी, कारलं, आवळा, कोरफड, गव्हांकुर. लोक एक ग्लास पितात आणि संध्याकाळी माझ्या चिकित्सालयात येऊन विचारतात, “मॅडम, शुगरला कुठला रस चांगला?” मी आयुर्वेदाची वैद्य आहे. आहार, झोप, कामाची धावपळ, मन हे सगळं एकत्र बघूनच उपचार करावेत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच “यावर काय घेऊ?” हा प्रश्न मला अपुरा वाटतो. पोटात आधीपासून काय काय जातंय, ते कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

दुधीपासून सुरुवात करते, कारण इथली चूक जिवावर बेतते. एखाद्या दुधीत कुकुर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं फार वाढलेली असतात. बाहेरून तो दुधी इतरांसारखाच हिरवागार, कोवळा दिसतो. असा रस पोटात गेला की थोड्याच वेळात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. कधी रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो. या विषावर खास उतारा नाही, रुग्णालयात दाखल करून रुग्णाला सांभाळावं लागतं. २०१८ साली पुण्यातच दुधीचा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या.

यात आपली एक समजूत आड येते. कडू म्हणजे औषधी, हे मनात पक्कं बसलेलं आहे. पाडव्याला कडुनिंब, मधुमेहाला कारलं, बाळंतिणीला मेथी. त्यामुळे दुधीचा रस कडूजहर लागला तरी माणूस नाक दाबून ग्लास रिकामा करतो. तसं करू नका. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर लगेच थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या, भाजीही करू नका. दुधीच्या रसात कारलं किंवा आवळा मिसळू नका, कारण मग कडवटपणा कुणाचा ते कळतच नाही. रस पिऊन मळमळायला लागलं तर घरी लिंबूपाणी घेत बसू नका, रुग्णालय गाठा. खरं सांगायचं तर मधुमेहाला रसापेक्षा दुधीची भाजी बरी, चोथा तरी पोटात जातो. आणि रस सुरू केला म्हणून शुगरची गोळी परस्पर बंद करू नका.

दुसरी चूक रोज दिसते: दोन्हीकडे लपवणं. डॉक्टरांना काढा सांगायचा नाही, वैद्याला गोळ्या सांगायच्या नाहीत. परवा एका काकांचं बीपी काही केल्या उतरत नव्हतं. बोलता बोलता कळलं, घशासाठी म्हणून ते कितीतरी महिने रोज ज्येष्ठमधाचं चूर्ण घेत होते. ज्येष्ठमध चांगलंच औषध आहे, पण जास्त प्रमाणात आणि फार दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम घटतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हळदीच्या कॅप्सूल घेणंही धोक्याचं. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी, कॅप्सूलमधला अर्क वेगळा.

गुळवेलीचंही तेच. करोनाच्या काळात घरोघरी काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. दुसऱ्याच वेलीशी गल्लत झाली असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. कुंपणावरून तोडून आणलेली वेल नेमकी कुठली, हे तुम्हाला तरी ठामपणे सांगता येईल का? डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली, तर काढा त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची तपासणी करा. तुमच्या गोळ्या, चूर्णं, प्रोटीन पावडर, थेंब, सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि जिथे जाल तिथे दाखवा.

“थकवा येतो, अश्वगंधा सुरू करू का?” आधी हिमोग्लोबिन, बी१२ आणि थायरॉइड तपासा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा गावांमध्ये गरोदर बायकांचा अभ्यास केला. जवळजवळ दोन तृतीयांश जणींमध्ये बी१२ कमी निघालं. आपल्या शाकाहारी घरांमध्ये हे फार आढळतं आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांमध्ये आणखी. तळपायाला मुंग्या येत असतील तर महिनाभर च्यवनप्राश खात वाट बघू नका. उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

उलटी चूक ‘ड’ जीवनसत्त्वाची. ६०,००० युनिटची पुडी साधारण आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच असते. जुनी चिठ्ठी दाखवून लोक वर्षभर घेत राहतात, काही जण तर चुकून रोज. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं. मग कॅल्शियम वाढतं, मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, मूत्रपिंडावर ताण येतो.

योगासनांबद्दल थोडंसं. मान दुखत असताना मोबाइलवर बघून शीर्षासन करू नका. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी याच शहरात खुर्ची, पट्टे, ठोकळे वापरून आसनं शिकवली. आधार घेण्यात कमीपणा नाही.

आणि रात्री जेवणानंतर येणारा फोन: “छातीत जळजळतंय, ओवा देऊ का?” जळजळीबरोबर घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर ओवा शोधू नका, १०८ लावा. मधुमेही माणसाला कधी कधी कळ येतच नाही, नुसती धाप लागते किंवा एकाएकी गळून जायला होतं. तेव्हाही थांबू नका. हृदयाचं काही नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, की जळजळीचं आपण सावकाश बघू.