कचरापेटीची चाबी हरवली, तर चाबीवाल्याकडे निघण्याआधी

सर्वात आधी पेटीतला ओला कचरा बाहेर कसा येईल ते पाहा, चाबीचं मागून. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसला टेकतो. संत्र्याची सालं आणि कालची भाजी बंद पेटीत दोन दिवस राहिली की अख्खी गल्ली तुमचं नाव घेते. दोन चाकांची 120 किंवा 240 लिटरची पेटी असेल, तर झाकण मागच्या बाजूला बहुतेक दोन प्लास्टिकच्या खिळ्यांवर बसवलेलं असतं. ते खिळे बाजूने ठोकून काढले की झाकण मागून उचकतं आणि हात घालून पिशवी काढता येते. हातमोजे घाला. झाकण काढल्यावर पेटी उघडी सोडू नका, झाकण परत टेकवून वर वीट ठेवा. गाईकुत्र्यांपायीच तर कुलूप लावलं होतं ना!

आता कुलूप. जुना टूथब्रश आणि रॉकेलची चिंधी घ्या, तोंडावरची वाळलेली घाण खरवडा. आमच्या सोसायटीच्या पेटीवर डाळीच्या थराखाली तीन आकडी नंबर निघाला. तोवर आम्ही दोघा चाबीवाल्यांना फोन करून बसलो होतो. असा नंबर असेल तर त्यावरून चाबी मागवता येते, म्हणून फोटो काढून ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. भोक त्रिकोणी दिसलं तर चाबी बनवायची गरजच नाही. विजेच्या पॅनेलला लागते तसली त्रिकोणी चाबी इलेक्ट्रिकच्या दुकानात मागा, फक्त भोकाची बाजू मोजून न्या.

नंबर नसेल, तर चाबीवाल्याला पेटीपाशीच बोलवा. तो कोरी चाबी आत घालून फिरवतो, उमटलेल्या खुणा पाहतो आणि तेवढंच कानशीने घासतो. कुलूप गंजलं असेल तर हे जमत नाही, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. खोबरेल तेल नको, त्यावर धूळ चिकटते. आणि हो, चाबीवाला पेटी कोणाची म्हणून विचारेल, त्याला सोसायटीचा माणूस हजर पाहिजे. विचारणं त्याचं कामच आहे.

कुलूपच बदलायचं ठरलं, तर झाकण काढलेलं असल्याने आतला नट पान्याने सुटतो. सुटला नाही तर ड्रिल. आधी बारीक, मग जाड बिट, आणि डोळ्यांवर चष्मा. जुनं कुलूप खिशात टाकून इतवारीच्या बाजारात जा. नाही नेलं तर भोकाचा व्यास, झाकणाची जाडी आणि मागची पट्टी किती लांब आहे, हे मिलिमीटरमध्ये लिहून न्या. पट्टी पाव फेरा फिरते की अर्धा, तेही पाहा. त्यातच लोकं फसतात. नवीन कुलपासोबत दोन चाब्या येतात. एक चौकीदाराच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवा, दुसरी सेक्रेटरीकडे द्या, आणि सकाळची कचरागाडी यायच्या आधी एकदा उघडून पाहा.