मधल्या ४ एलईडी पेटत नव्हत्या, रीफ टँकच्या (कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) घरी बनवलेल्या लाइटचा माझा अनुभव

१२ निळ्या ३ वॅटच्या एलईडी सीरिजमध्ये, त्यातल्या मधल्या ४ बंद, बाकीच्या एकदम झकास. एलईडी बदलल्या, ड्रायव्हर (एलईडींना करंट देणारा सप्लाय) बदलला, काही फरक नाही. आठवडा गेला, कोरल मलूल पडलेले बघून जीव तुटत होता.

शेवटी प्लग काढला, ५ मिनिटं थांबलो, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप वाजतो) ठेवून एक प्रोब हीटसिंकच्या, म्हणजे एलईडी बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या, उघड्या धातूला (अॅनोडाइज्ड, म्हणजे ऑक्साइडचा थर दिलेल्या भागावर वाजत नाही) आणि दुसरा एकेका सोल्डरला लावत गेलो, तर बंद ४ च्या दोन्ही टोकांना बीप. तिथे स्क्रूचं डोकं सोल्डरच्या थेंबाला टेकलेलं, म्हणून करंट त्या ४ ना वगळून हीटसिंकमधून जात होता! स्क्रू काढले, थेंब चपटा केला, नायलॉन वॉशर टाकून परत हलकेच आवळले, पुन्हा तपासलं, बीप बंद, मग प्लग लावला. सगळ्या १२ पेटल्या. हीटसिंकला अर्थिंग मात्र द्याच, खाली खारं पाणी आहे.