वितळवण्याआधी वाचा : गोव्यातल्या घरातली जुनी नाणी कशी ओळखावीत

पेटाऱ्यात किंवा देव्हाऱ्यात जुनी नाणी सापडली की घरातलं कुणीतरी लगेच चिंच नाहीतर भिंडांची (कोकमांची) सालं घेऊन घासायला बसतं. तसं करू नका. तांब्याची भांडी आंबटाने लखलखतात, पण नाण्यावरचा बारीक उठाव त्याने झिजतो आणि वाचायचं असतं ते नेमकं तेवढंच. माती असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात नाणं नुसतं बुडवून ठेवा आणि मऊ सुती फडक्यावर टिपून घ्या. हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

माझे बाबा डिचोलीच्या बाजारात सोनारकाम करायचे. चतुर्थी जवळ आली की लोक चांदीचे रुपये मोडायला आणत. बाबा तराजू काढण्याआधी ते उन्हात तिरके धरून बघत. साल पुसलेलं असलं तरी चिन्ह शिल्लक असतं, म्हणून आधी चिन्ह शोधा, असं ते सांगत. आता ऊन नको, मोबाईलची बॅटरी पुरते. खोलीत अंधार करा, उजेड बाजूने, नाण्याच्या पातळीला आणा. सपाट वाटणाऱ्या नाण्यावरही सावल्या उठतात. त्याच उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

मग मुकुट आहे का ते पाहा. राजाचा चेहरा आणि मागे मुकुटाखाली ढाल असेल तर नाणं १९१० च्या आधीचं. आपल्याकडे जास्त करून सापडतो तो राजा लुईश पहिला याचा १८८१ किंवा १८८२ चा रुपया. रोमन लिपीत ‘इंदिया पोर्तुगेझा’ आणि ‘उमा रुपिया’ लिहिलेलं असतं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर ही नाणी गोव्यात पाडली जात नव्हती, ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीतून येत होती. म्हणून वजनही इंग्रजी रुपयाइतकंच, ११.६६ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर त्यात फार मोठा फरक आला तर पूजेसाठी ओतलेली नक्कल असण्याची शंका घ्या. कडी डाखलेली असेल तर काढू नका. संग्राहक कमी पैसे देईल, पण कुणाच्या तरी गळ्यात तो रुपया होता याची ती खूण आहे.

५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालात राजेशाही गेली आणि ढालीवरचा राजमुकुटही गेला. ढालीमागे कड्यांचा गोल आला. तो आकाशगोल, राजा मानुएल पहिला याचं जुनं चिन्ह. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकेर्कने गोव्यात पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवरही तो होता. ढालीतल्या पाच छोट्या ढाली आणि भोवतीचे सात किल्ले मात्र राजेशाहीनंतरही कायम राहिले.

इथे पुष्कळजण गोंधळतात. १९५८ च्या एस्कुदो या पोर्तुगीज नाण्यावर मुकुटासारखं काहीतरी दिसतं आणि लोक राजाचं नाणं समजून बसतात. नीट बघा, ते बुरुज आहेत. वसाहतींच्या ढालींवर असा बुरुजांचा मुकुट असे. ढालीत चाक दिसलं की खात्री धरा. ते संत कातारिनाचं चाक. २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणाच्या दिवशी, आल्बुकेर्कने गोवा घेतला, म्हणून ते गोव्याच्या माथी आलं. या चाकाखाली आपल्या माणसांनी काय सोसलं ते विसरता येत नाही, आणि म्हणूनच ते नाणं जपलं पाहिजे असं मला वाटतं. १९५८ पर्यंत १६ तांग्यांचा रुपया होता. मग ६ एस्कुदोंचा १ रुपया असा हिशेब झाला.

अशोकस्तंभाचे सिंह दिसले तर नाणं भारताचं, १९५० किंवा त्यानंतरचं. ‘नये पैसे’ १ एप्रिल १९५७ पासून निघाले, पण गोव्याचं अधिकृत चलन भारतीय झालं ते १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर. त्याआधीचं आणे किंवा नये पैशांचं नाणं घरात सापडलं तर मुंबईला कामाला कोण होतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि ऐकलेलं लिहून ठेवा.

एक सिंह पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा, गोव्याच्या कदंब राजांचा. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा लेख आहे. घरात ते मिळणं जवळजवळ अशक्य, पण नार्व्याला सप्तकोटीश्वराच्या देवळात गेलात तर मुलांना जरूर सांगा. त्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला.

ठेवताना प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात घाला, वर वजन आणि कुणाकडून आलं ते पेन्सिलीने लिहा. प्लास्टिकच्या मऊ पिशव्या नकोत, आपल्या पावसाळ्यात त्यात नाणी चिकट होतात. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

शेतात किंवा पाया खणताना सापडलेलं नाणं परस्पर विकू नका, मामलेदार कचेरीत कळवा. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं लिस्बनला किंवा लंडनला निघालेल्या भाच्याच्या बॅगेत घालू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ते देशाबाहेर नेता येत नाही.