किटो सुरू करताय? माहिती तपासताना या चुका टाळा

किटो म्हणजे कर्बोदके अगदी कमी आणि फॅट जास्त असलेला आहार. त्यात शरीर साखरेऐवजी चरबीपासून बनलेल्या किटोनवर चालू लागतं, त्या अवस्थेला किटोसिस म्हणतात. त्यासाठी दिवसभराची कर्बोदके साधारण २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवायची असतात. एरवीच्या जेवणात आठ-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. इथे मर्यादा २० ग्रॅमची असेल तर तेवढ्यातच दिवसाचा निम्मा कोटा संपतो. म्हणून पाककृती गोळा करण्याआधी एक सवय लावून घ्या. समोर आलेला आकडा कशाचा आहे, कुणी मोजला आणि कुणासाठी सांगितला, हे विचारायची. "सगळं नीट करतोय, तरी किटोसिस येत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांचं घोडं बऱ्याचदा मोजमापातच अडलेलं असतं.

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर विसंबणे

'किटो फ्रेंडली' आणि 'नेट कार्ब फक्त ३ ग्रॅम' हा जाहिरातीचा मजकूर असतो. नेट कार्ब म्हणजे एकूण कर्बोदकांतून फायबरसारखे न पचणारे घटक वजा करून उरलेला आकडा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत 'नेट कार्ब'ची व्याख्याच नाही. त्यामुळे एकूण कर्बोदकांमधून काय काय वजा करायचं, हे बनवणारा स्वतःच ठरवतो.

समजा, एका चॉकलेट बारवर पुढे ३ ग्रॅम लिहिलंय. आता पाकीट उलटं करा. एकूण कर्बोदके २२ ग्रॅम, फायबर ९ ग्रॅम, माल्टिटॉल (गोडीसाठी घातलेला साखरेचा पर्याय) १० ग्रॅम. बावीसमधून नऊ आणि दहा वजा केले की तीन उरतात, म्हणजे गणित बरोबर आहे. पण माल्टिटॉल पूर्ण वजा करणं बरोबर नाही. ते काही प्रमाणात शोषलं जातं, रक्तातली साखर वाढवतं आणि ग्रॅममागे सुमारे २ कॅलरी देतं. ते निम्मं धरलं तरी हा बार ८ ग्रॅमचा होतो. असे दोन खाल्ले तर हिशोबात ६ ग्रॅम पडतात आणि पोटात १६. एरिथ्रिटॉल या दुसऱ्या पर्यायाचं तसं नाही. ते बहुतांशी जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. दोन्ही 'शुगर अल्कोहोल' याच नावाखाली येतात, म्हणून घटकांच्या यादीत नेमकं कोणतं आहे ते वाचावंच लागतं.

फायबर दोनदा वजा करणे

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती मन लावून मोजणाऱ्यांकडूनच होते. अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर 'टोटल कार्बोहायड्रेट'मध्ये फायबर धरलेलं असतं, त्यामुळे ते वजा करावं लागतं. युरोपीय संघाच्या नियमांनुसार छापलेल्या लेबलवर कर्बोदकांच्या आकड्यातून फायबर आधीच बाजूला काढलेलं असतं आणि वेगळ्या ओळीत दिलेलं असतं. तिथे पुन्हा वजा केलं तर आकडा खोटा येतो.

बदामाचंच बघा. अमेरिकी कृषी विभागाच्या 'फूडडेटा सेंट्रल' या माहितीसाठ्यानुसार १०० ग्रॅम बदामात सुमारे २१.५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यातले १२.५ ग्रॅम फायबर. उरले ९. युरोपीय लेबलवर कर्बोदकांच्या ओळीत या नवाच्या आसपासचाच आकडा असतो. त्यातून परत साडेबारा वजा केले तर उत्तर शून्याच्याही खाली जातं. बदामात निदान चूक लक्षात तरी येते. जिथे उत्तर २ किंवा ३ असं पटण्यासारखं येतं, तिथे ती महिनोन्महिने लपून राहते. लेबल कोणत्या पद्धतीचं आहे ते कळत नसेल तर उष्मांकांवरून ताळा करा. प्रथिने आणि कर्बोदके यांना प्रत्येकी ४ ने, फॅटला ९ ने गुणा आणि बेरीज करा. फायबरला ग्रॅममागे साधारण २ कॅलरी धरतात. ती वेगळी मिळवल्यावरच बेरीज छापलेल्या कॅलरींशी जुळत असेल, तर फायबर बहुधा कर्बोदकांत धरलेलं नाही. मात्र शुगर अल्कोहोल असलेल्या पदार्थाला हा ताळा लावू नका.

अ‍ॅपमधली पहिली नोंद उचलणे

अनेक अ‍ॅपमधल्या नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. एकाच पदार्थाच्या पाच नोंदी दिसतात आणि पाचही वेगळ्या. कमी कार्बची निवडायचा मोह होतोच. त्यातला मोठा घोळ कच्च्या आणि शिजवलेल्या वजनाचा असतो. १०० ग्रॅम कोरड्या छोल्यांत सुमारे ६३ ग्रॅम कर्बोदके असतात, उकडलेल्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २७. छोले बदललेले नसतात, त्यात पाणी भरलेलं असतं. तेव्हा वजन ज्या अवस्थेत केलं त्याच अवस्थेची नोंद घ्या आणि रोजच्या खाण्यातल्या पदार्थांचे आकडे एकदा सरकारी माहितीसाठ्यात पडताळून स्वतःकडे लिहून ठेवा.

पहिल्या आठवड्याचा काटा पुरावा मानणे

"सात दिवसांत इतके किलो" हे आकडे खोटे असतीलच असं नाही, त्यांचा अर्थ मात्र चुकीचा लावलेला असतो. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कर्बोदके थांबली की तो साठा उतरतो आणि पाणी बाहेर पडतं. इन्सुलिन घटल्यामुळे मूत्रपिंडंही जास्त सोडियम बाहेर टाकतात. सुरुवातीच्या दिवसांतली डोकेदुखी, थकवा आणि चक्कर यांचा मोठा भाग याच पाण्याच्या आणि क्षारांच्या तुटीतून येतो. तेव्हा "शरीरातली विषं बाहेर पडताहेत, सहन करा" असं जो सांगतो, त्याच्या बाकीच्या सल्ल्यावरही सावध राहा. मीठ वाढवायचा सल्लाही सरसकट घेऊ नका. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारायला हवं.

दुसऱ्याच्या तब्येतीवरून आपला निर्णय घेणे

इथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली औषधं चालू असताना कर्बोदके एकदम तोडली, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही मधुमेहात दिली जाणारी औषधं घेणाऱ्यांना रक्तात किटोन साचून ते आम्लधर्मी होण्याचा, म्हणजेच किटोअ‍ॅसिडोसिसचा धोका असतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्येच त्याबद्दल इशारा दिला होता. या लोकांना उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली, तर ग्लुकोमीटरवरचा बरा आकडा बघून घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावं. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, स्वादुपिंडाचा दाह झालेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि चरबीच्या चयापचयाचे जन्मजात दोष असलेले, यांनी दुसऱ्याचा अनुभव कितीही चांगला वाटला तरी स्वतःच्या मनाने सुरुवात करू नये.

'माझं कोलेस्टेरॉल सुधारलं' हे वाक्यही असंच. काहींचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, किटोवर चांगलंच वाढतं. ते सुरुवातीला आणि मग काही आठवड्यांनी तपासल्याशिवाय कळत नाही.

'संशोधनाने सिद्ध' एवढ्यावर थांबणे

मूळ अभ्यास उघडला की आधी तीन गोष्टी बघा: माणसांवर केला की उंदरांवर, किती काळ चालला, आणि कर्बोदके खरोखर किती होती. 'लो-कार्ब' नावाखाली दिवसाला शंभर ग्रॅमच्या वरचे आहारही येतात. २०१८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या स्टॅनफर्डच्या 'डाएटफिट्स' चाचणीत ६०९ जण होते. वर्षाअखेर कमी-फॅट गटाचं वजन सरासरी ५.३ किलोने उतरलं, कमी-कार्ब गटाचं ६ किलोने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर दखल घेण्याइतका नव्हता. किटोच्या विरोधात हा निकाल सर्रास पुढे केला जातो. पण कमी-कार्ब गटातल्या बहुतेकांनी वर्षभर किटोइतकी कमी कर्बोदके ठेवलीच नव्हती. अपस्मारावरचा (फिट येण्याच्या आजारावरचा) पुरावा याच्या उलट बाजूने ताणला जातो. त्या आजारासाठी किटो आहार १९२१ पासून वापरात आहे, पण तो वैद्यकीय देखरेखीखाली आणि काटेकोर मापात दिला जातो. झटके कमी होण्याचा तो पुरावा वजन, त्वचा आणि स्मरणशक्ती यांनाही चिकटवणं ही फसवणूक आहे.

नावापुढचं बिरुद न तपासणे

'न्यूट्रिशनिस्ट' हे बिरुद अनेक देशांत कुणीही लावू शकतं. ब्रिटनमध्ये 'डायटिशियन' या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, 'न्यूट्रिशनिस्ट'ला नाही. आपल्याकडच्या तज्ज्ञाची नोंदणी कुठे आहे, ते विचारा. सल्ला देणाराच पावडर, किटोनचे थेंब किंवा सशुल्क योजना विकत असेल तर तो सल्ला दुसरीकडून पडताळून घ्या. भेटीला जाताना चालू औषधांची यादी, अलीकडचे रक्ताचे अहवाल आणि आठवडाभराची खाण्याची नोंद सोबत न्या. त्या नोंदीत वजन कच्चं की शिजवलेलं आणि आकडा कोणत्या लेबलवरून घेतला, तेही लिहा.